तळातल्या काट्या

वैशाखात चेणे गावाच्या वरच्या तलावाचं पाणी उतरतं, यात नवल काही नाही. नवल होतं ते धर्माजीचं. गेले पंधरा दिवस तो सकाळी उठला की चहाच्या आधी तलावावर जायचा, उघड्या पडलेल्या दगडी पायऱ्यांकडे बघत उभा राहायचा आणि तोंड पाडून परत यायचा. चंपाला वाटलं, माशांची काळजी लागली असेल. नवऱ्याच्या मनातलं बायकोला न सांगता कळतं म्हणणाऱ्यांनी चार दिवस चंपाच्या घरी राहून बघावं. पंचवीस वर्षं संसार झाला, तरी या माणसाच्या पोटातला एक शब्द बाहेर काढायचा तर तिचा अर्धा दिवस जायचा.

तलाव म्हणजे जुनी खदान. दगड काढून ठेकेदार निघून गेले, खड्ड्यात डोंगराचं पाणी साचलं, आणि ज्यांनी तिथं सुरुंगाची भोकं पाडली होती तीच माणसं काठावर राहून मासे पाळायला लागली. घरं तीन. एक धर्माजीचं, एक त्याच्या धाकट्या भावाचं, महिपतचं, आणि एक दशरथचं. दशरथ दोन वर्षांमागं काविळीनं गेला. त्याची बायको सरूबाई काशीगावात भावाकडे राहायला गेली आणि तिसऱ्या घराला कुलूप लागलं. खाली घोडबंदर रोडवर गाड्यांना हलायला जागा नसते. वर मात्र दोन घरांत मिळून माणसं सात. पत्त्यात महानगरपालिका लिहायची, आणि नळाला पाणी आलं नाही तर कुणाकडे जायचं ते कुणालाच ठाऊक नाही, अशी वस्ती.

दीड वर्षापूर्वी तिथं कॅम्प आला. तंबू आले, पिवळ्या-लाल होड्या आल्या. शनिवार-रविवारी मिरा रोडची, बोरिवलीची माणसं येऊन तलावाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायला लागली. चंपाला चुलीवरच्या भाकऱ्यांचं काम लागलं. धर्माजीला पाठीवर 'लाईफगार्ड' छापलेला केशरी टी-शर्ट मिळाला. महिपतला काहीच मिळालं नाही. एकच माणूस लागणार, असं कॅम्पवाल्यांनी सांगितलं. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. एका नळावर हंडे लावायचे, पण तोंडं दोन दिशांना.

बुधवारी दुपारी नीरज आला. नीरज कॅम्पचा मॅनेजर, वयानं चंपाच्या लग्न झालेल्या मुलीएवढा. 'धर्माजी' अशी नुसती नावानं हाक मारायचा आणि पुढे 'तुम्ही' म्हणायचा, त्यामुळे त्याचा राग धरावा की नाही ते ठरत नसे.

"धर्माजी, संडेला मोठी इव्हेंट आहे. शाळेचा स्विमिंग क्लब येतोय. चाळीस मुलं. इकडच्या पायऱ्यांपासून समोरच्या कड्यापर्यंत पोहत जायचं आणि परत यायचं."

"पोहत? होडीतनं न्हाय?"

"अहो, रोज पूलमध्ये पोहणारी मुलं आहेत ती. जॅकेटपण नकोय त्यांना." नीरज फोनमध्ये बघत बोलत होता. "खाली काही नाहीये ना? तुम्हीच सांगितलं होतं, तळ साफ आहे म्हणून."

धर्माजीची मान हलली. ती हो म्हणून हलली की कशी, ते चुलीपाशी बसलेल्या चंपाला समजलं नाही. नीरजला ती हो म्हणूनच दिसली आणि तो गेला.

धर्माजी येऊन ओट्याच्या टोकाला टेकला. चंपानं पाण्याचा तांब्या दिला. तो हातात धरून बसला, प्यायला नाही.

"काय झालं? बरं वाटत न्हाय का?"

"चंपे, खाली काट्या हायत."

काट्यांचं चंपाला थोडं माहीत होतं. कॅम्पच्या आधीची गोष्ट. हायवेच्या बाजूनं टेम्पो घेऊन चोर यायचे आणि मोठी जाळी टाकून वर्षभर पाळलेले मासे एका फेरीत उचलून न्यायचे. मग तिन्ही घरांनी ठरवलं. बोरीच्या आणि चिल्हारीच्या काटेरी फांद्यांचे भारे बांधायचे, खदानीतल्या जुन्या तारेनं त्यांना दगड बांधायचा आणि तळाशी सोडून द्यायचे. जाळं पडलं की काट्यांत अडकतं आणि ओढलं की फाटतं. चोर दोनदा जाळी फाडून घेऊन शिव्या देत गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत.

तिला माहीत नव्हतं ते पुढचं. काट्या ज्याच्या त्यानं एकट्यानं सोडायच्या होत्या. कुठं आणि किती, ते भावानं भावाला सांगायचं नाही, नवऱ्यानं बायकोला सांगायचं नाही. कुणी उद्या चोरांना फितूर झालाच, तर त्याला फक्त आपल्याच काट्या दाखवता याव्यात. काठावरच्या देवीच्या दगडावर हात ठेवून तिघांनी तशी शपथ घेतली होती. तिघंही तेव्हा स्वतःला फार हुशार समजले होते.

"कॅम्पवाल्यांनी इचारलं तवा पानी भरून व्हतं," धर्माजी म्हणाला. "काट्या खोल खाली. कोनाचा पाय पोचतोय तिथं? म्हटलं, साफ हाय. आता पानी उतारलंय. खदानीच्या टप्प्यांवरच्या काट्या पार वर आल्यात. आनि चोरांची फाटकी जाळी अजून त्यांना लटकलेली हायत. नायलॉनची. पान्यात दिसत न्हायत. पोराचा पाय गेला का गेला."

"मग आत्ताच जाऊन सांगा त्याला."

"सांगितलं का खोटं उघडं पडलं. माझं काम गेलं, तुझ्या भाकऱ्या गेल्या." तो उठला. "चार दिस हायत. काढतो मी."

चंपाला या जंगलात बिबट्याची सवय झाली होती. संध्याकाळी अंगणात कुत्रं गप्प झालं की ती दार लावून घ्यायची आणि कामाला लागायची. पण ही भीती दार लावून जाणारी नव्हती.

गुरुवारी कॅम्पवर चिटपाखरू नव्हतं. प्लास्टिकच्या ड्रमांवर फळ्या ठोकलेला तराफा धर्माजीनं पाण्यात लोटला. कमरेला दोर बांधला, दोराचं टोक चंपाच्या हातात दिलं, कोयता पाठीमागं खोचला.

"मी खालनं एक हिसका दिला का समजायचं बरा हाय. दोन दिले का ओढायचं."

"आनि एकपन न्हाय दिला तर?"

"देतो ना," तो म्हणाला आणि पाण्यात शिरला.

चंपाला पोहता येत नव्हतं. तलावाच्या काठावर पंचवीस वर्षं राहून येत नव्हतं, कारण कुणी शिकवलं नाही आणि तिलाही कधी सवड झाली नाही. तराफ्यावर मांडी घालून ती दोर धरून बसली. पाणी हिरवं, गार आणि गप्प. ती मनात आकडे म्हणायला लागली. चाळीसला हिसका आला. पंचावन्नला डोकं वर आलं, तोंड लालबुंद, डोळे बाहेर. धर्माजीनं फळीला धरून चार श्वास घेतले आणि पुन्हा बुडी मारली. तार इतकी गंजली होती की कोयत्यानं तुटायची नाही, दगडावर ठेचावी लागायची, आणि पाण्याखाली ठेचायला हातात जोर येत नव्हता. एका भाऱ्याला आठ-दहा बुड्या लागायच्या. मग दोघं मिळून तो तराफ्याला बांधून काठाला आणायची. तीन वर्षं पाण्यात राहून फांद्या काळ्या पडल्या होत्या, शेवाळानं बुळबुळीत झाल्या होत्या, पण काटे होते तसे होते. चंपाच्या तळहातात दोन मोडले.

दुपारपर्यंत चार भारे निघाले. धर्माजीचे खांदे, दंड, मांड्या ओरखड्यांनी भरल्या. भाताचा घास घेताना तो मधेच थांबला आणि डोकं एका बाजूला झटकलं.

"कानात पानी हाय," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आणखी चार काढले. धर्माजीच्या स्वतःच्या काट्या तेवढ्याच होत्या. आठवा वर आला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काहीतरी आलं. पाण्यात होतं तोवर चंपाला ते दिसलंच नाही. बाहेर काढल्यावर कळलं की ते जाळं आहे, हातभर रुंद, काट्यांत गुरफटलेलं, आणि त्यात पुरुषभर लांबीच्या धामणीचा सांगाडा. पाण्यात तरबेज असलेलं जनावर, तेही सुटलं नव्हतं. चंपानं तोंड फिरवलं.

तेव्हा तिला धर्माजीचा डावा कान दिसला. कानातून रक्त येऊन मानेवर सुकलं होतं.

"आता बस," ती म्हणाली. "तुमच्या झाल्या ना काढून?"

"माझ्या झाल्या. महिपतच्या?"

तो भावाकडे जाणार नाही हे तिला माहीत होतं. म्हणून ती गेली. महिपत दारात पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून जाळं शिवत बसला होता. मानानं नीट वागणारा दीर होता तो. एकेकाळी तिच्या हातची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची.

"भावजी, तुमच्या काट्या कुठं हायत त्या दाखवा."

महिपतनं वर बघितलं नाही. "दादाला सांग, ये म्हनावं. त्याला तोंड न्हाय?"

"त्यांच्या कानातनं रगत येतंय."

सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली. "वयनी, काट्या काढल्या का आठ दिसांत चोर येतील. तुमाला कॅम्प हाय. मना मासेच हायत. मी काय खाऊ?"

"रविवारी चाळीस पोरं उतरनार हायत पान्यात."

"कॅम्पची पोरं ना? मग कॅम्पच्या लाईफगार्डनं बघावं." 'लाईफगार्ड' हा शब्द त्यानं असा काही उच्चारला की चंपाच्या अंगावर थुंकल्यासारखं झालं. "आनि देवीवर हात ठेवून शपथ घेतलीय. दादानं मोडली, मी न्हाय मोडनार."

चंपाला राग आला, पण त्याचं म्हणणं अगदीच खोटंही म्हणता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती तशीच टेकडी उतरून रस्त्याला आली, रिक्षात बसली आणि काशीगावला सरूबाईकडे गेली.

सरूबाई भावाच्या चाळीत दारात बसून लसूण सोलत होती. दशरथच्या काट्यांचं विचारल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"चार दिस चिल्हार तोडत व्हते. हाताला इतके काटे, मी सुईनं काढत बसायची."

"पन टाकल्या कुठं? कड्याच्या अंगाला का पायऱ्यांच्या?"

"मना कसं म्हाईत व्हनार? माझ्यासमोर कदी पान्यात गेलेच न्हायत." सरूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "जायच्या आदल्या दिशी मीच इचारलं व्हतं, तलावात आपलं काय काय हाय ते सांगा. म्हनले, हाय ते राहू दे."

येताना चंपाला रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, कहाँ उतरना है, तेव्हा तिला ऐकू आलं. हाय ते राहू दे. मेलेल्या माणसाचं तलावात काय आहे आणि कुठं आहे, हे आता जिवंत माणसांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. 

शनिवारी सकाळी तिनं धर्माजीला हात धरून अडवलं. कान सुजला होता, चालताना त्याचा तोल जात होता. उजव्या बाजूनं बोललं तरच त्याला ऐकू येत होतं.

"महिपत दाखवत न्हाय, दशरथ सांगायला न्हाय. तुमी काय आंधळ्यावानी शोधनार?"

"कड्याच्या बाजूनं बघतो. मी महिपत असतो तर तिथंच टाकल्या असत्या."

"नका जाऊ. माझ्या गळ्याची शपथ हाय."

शपथांचा या माणसावर नको तिथं परिणाम व्हायचा आणि हवा तिथं नाही. तो तराफ्यावर चढला. ती मागून चढली, कारण दोर दुसऱ्या कुणाच्या हातात देणार?

तिसऱ्या बुडीपर्यंत सगळं ठीक होतं. चौथ्या बुडीला तिचे आकडे चाळीसला पोचले, हिसका आला नाही. पन्नास. साठ. तिनं स्वतः एक हिसका दिला. दोर कशाला तरी घट्ट बांधल्यासारखा ताणलेला होता. पासष्ट. खालून बुडबुड्यांचा एक लोंढा वर आला आणि थांबला.

चंपानं दोन्ही पाय फळीला लावून दोर ओढला. तराफा कलला, दोर आला नाही. तळहातातले मोडलेले काटे आत रुतले. ऐंशी झाले की काय झालं, तिचे आकडेच चुकले. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो आपला आहे हे तिला स्वतःलाही ओळखू आलं नाही.

"भावजी! भावजी! ओ भावजी!"

महिपत समोरच्या काठाला होता. सकाळपासूनच होता, जाळं धुतल्याचं निमित्त करून. तो उठला, कड्यावरून पळत सुटला आणि वरूनच पाण्यात उडी घेतली. कुठं ते त्यानं विचारलं नाही. तराफ्याकडे आला नाही, दोर शोधला नाही. सरळ एका जागी खाली गेला.

चंपा आता आकडे म्हणत नव्हती. ती देवीला नुसती 'आय, आय' म्हणत होती.

पाणी फुटलं आणि दोन डोकी वर आली. एक डोकं एका बाजूला लोंबत होतं. महिपतनं भावाला काखेत धरून काठाला ओढलं, दगडांवर कुशीवर पाडलं आणि पाठीवर मुठी मारायला लागला. धर्माजीच्या पिंढरीला जाळं असं आवळलं होतं की मांस फुगून वर आलं होतं. महिपत मारत होता आणि शिव्या देत होता, आईवरून देत होता, जी आई दोघांची एकच होती. मग धर्माजीच्या तोंडातून पाणी आलं, पाठोपाठ खोकला आला आणि श्वासाचा घरघरणारा आवाज आला.

चंपानं हातांनी पाणी मारत तराफा काठाकडे कसा आणला, कमरभर पाण्यातून ती कशी आली ते तिला कळलं नाही. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मोठमोठ्यानं रडली.

महिपत दोन्ही हात टेकून बसला होता. त्याचे दात वाजत होते. "माझी व्हती ती काटी," तो म्हणाला. "मीच टाकलेली. वयनी, मी काल सांगितलं असतं तर..."

चंपा पदरानं धर्माजीचं तोंड पुसत राहिली. 

धर्माजीला घरी आणून बाजेवर टाकला. महिपतची बायको शेवंती त्याच्यापाशी बसली. महिपत त्याच पावली परत गेला आणि दुपारी जेवणाची वेळ टळून गेली तरी पाण्यातच होता. त्यानं आपले सहाच्या सहा भारे बाहेर काढले. चौदा भारे काठावर उन्हात पडले होते आणि त्यांना कुजका वास सुटला होता.

त्या वासानंच नीरजला तिकडे ओढलं. तो उद्याचं बघायला आला होता, गाडीत निळ्या टोप्यांचं खोकं होतं.

"हे काय आहे?"

चंपानं सांगितलं. सगळं सांगितलं. शपथ, चोर, जाळी, सकाळ. बोलताना तिला वाटत होतं, आता हा ओरडेल. नीरज ओरडला नाही. तो हळूहळू दगडावर बसला.

"किती काढले?"

"चौदा."

"मग झालं ना. चौदा काढले. आता क्लिअर आहे."

"दशरथच्या ऱ्हायल्यात. त्या कुठं हायत ते कोनाला म्हाईत न्हाय."

"कदाचित त्यानं टाकल्याच नसतील."

"चार दिस तोडत व्हता."

नीरज उठला, दोन पावलं चालला, परत आला. "मावशी, ऐका. पोस्टर लागलेत. शाळेनं पालकांना कळवलंय. मी आता कॅन्सल केलं ना, तर पहिली माझी नोकरी जाईल आणि मग तुमची सगळ्यांची. मुलं वरच्यावर पोहणार आहेत, कोणी तळाला जाणार नाहीये. तुम्ही कोणाला काही बोलू नका. धर्माजींना उद्या फक्त उभं राहायला सांगा."

"त्यांना उभं ऱ्हाता येत न्हाय."

नीरजनं महिपतकडे बघितलं. "तुम्हाला पोहता येतं ना?"

दीड वर्ष ज्याच्यासाठी भाऊ भावाला परका झाला होता ते काम महिपतला असं मिळालं. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आमच्याकडे गरीब माणूस असाच कामाला लागतो.

रविवारी सकाळी सातला बस आली. मुलं उतरली आणि तलाव आवाजानं भरून गेला. दहा-बारा वर्षांची मुलं-मुली, काळे पोहायचे कपडे, डोक्यावर निळ्या टोप्या. कुणी पाण्यात दगड मारत होतं, कुणी थंडी वाजते म्हणून नाचत होतं. त्यांच्या बाई, मिनल मॅडम, शिट्टी गळ्यात घालून रांग लावत होत्या. महिपत पायऱ्यांवर उभा होता. केशरी टी-शर्ट त्याला खांद्यांत घट्ट होत होता आणि तो पाण्याकडे एकटक बघत होता. हिरवं पाणी, वर निळं आभाळ दिसत होतं, खालचं काहीच दिसत नव्हतं.

चंपा चुलीपाशी भाकरी थापत होती. पोहून आल्यावर मुलांना पिठलं-भाकरी द्यायची होती. पहिली भाकरी तव्यावर टाकली, ती करपली. दुसरी थापताना फाटली. तिला त्या निळ्या टोप्यांखाली काल काठाला ओढून आणलेलं लोंबतं डोकं दिसायला लागलं. चाळीसपैकी एकाला. कुणाच्या तरी पोराला. तिचे हात पिठात थांबले आणि ती उठूनच उभी राहिली.

भीती कमी झाली म्हणून ती उठली असं कुणी समजू नये. कामाची भीती होती, नीरजची होती, उद्या काय शिजवायचं याची होती. सगळ्या भीत्या होत्या तिथंच होत्या. पण त्यांतली एक इतकी मोठी झाली होती की बाकीच्यांना उभं राहायला जागा उरली नव्हती.

ती काठाला गेली. जाळं गुरफटलेला भारा तिनं दोन्ही हातांनी कवेत उचलला. काटे लुगड्यातून आत गेले. पिठाचे हात, पुढ्यात काळं ओझं, अशी ती पायऱ्यांकडे चालत आली तेव्हा पुढची मुलं बाजूला सरली.

"मावशी!" नीरज धावला. "मावशी, काय करताय? ठेवा ते!"

"म्याडम," चंपा म्हणाली. भारा तिनं मिनल मॅडमच्या पायाशी टाकला. "पोरं पान्यात सोडू नका. खाली असं हाय."

मिनल मॅडम खाली बसल्या. त्यांनी एक फांदी उचलून बघितली आणि बोट झटकन मागं घेतलं. मग त्यांना जाळं दिसलं. त्यांनी ते दोन हातांत धरून ताणलं, पुन्हा ताणलं.

"असे किती आहेत?"

"चौदा काढले. ऱ्हायले किती, ते म्हाईत न्हाय. म्हाईत असतं तर तेपन काढले असते."

"मॅडम, गावातली भांडणं आहेत यांची," नीरज हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "यांच्या मिस्टरांचं काम या भावाला दिलं ना, म्हणून... आपण काल सगळं चेक केलंय."

मिनल मॅडम उठल्या आणि महिपतकडे वळल्या. "लाईफगार्ड तुम्ही आहात ना? तुम्ही सांगा. मुलांना सोडू?"

 महिपतनं एकदा नीरजकडे बघितलं, एकदा वहिनीकडे. 

"म्याडम," तो म्हणाला, "काल याच येळेला माझा सख्खा भाऊ इथनं मेलेला काढला मी. तो जगला ते त्याचं नशीब. आता तुमीच बघा."

शिट्टी वाजली. एकदा, लांब. मुलं कुरकुरत कपडे घालायला लागली. एक मुलगी रडली, तिनं नवीन चष्मा आणला होता म्हणे पोहायचा. नीरज मॅडमच्या मागं मागं बसपर्यंत गेला, बोलत राहिला, आणि बसचं दार लागल्यावर तिथंच उन्हात उभा राहिला. चंपाकडे त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. दुपारपर्यंत कॅम्पच्या मालकाचा फोन येऊन गेला. दोन्ही घरांतल्या माणसांनी उद्यापासून कॅम्पच्या फाटकाच्या आत यायचं नाही.

चंपा घरी आली तेव्हा धर्माजी बाजेवर डोळे उघडे ठेवून पडला होता. कालच्या बुडीनंतर उजवा कानही मंद झाला होता; बसचा आवाज त्याला आला नव्हता, पोरांचा आला नव्हता. सकाळपासून तो नुसता दाराकडे बघत होता.

"उतरली का पान्यात?" त्यानं विचारलं. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तो ओरडत होता.

"न्हाय," ती म्हणाली. "मी सांगितलं."

त्यानं मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. डोळ्यांत पाणी भरलं होतं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि पुन्हा ओरडला, "पोरं कुठं हायत? चंपे, खरं सांग, पोरं कुठं हायत?"

ती बाजेवर बसली, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि महिपतच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "घरी गेली! चाळीस आली, चाळीस गेली!"

धर्माजीनं तिचं मनगट सोडलं नाही. त्याचे ओठ हलत होते, तो चाळीस, चाळीस म्हणत होता. मग तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला आणि चंपा त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली.